हार्ड डिस्कचं बारसं

आमच्या घरी दोन हार्ड डिस्कचं बारसं झालं ही बातमी बायकोने एव्हाना सगळीकडे पोचवलेली आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. पाळणा वगैरे नव्हता. टेबलावर दोन काळ्या डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, हातात बायकोची लाल नेलपॉलिश होती, आणि मी एकीच्या पाठीवर 'कोयना' आणि दुसरीच्या पाठीवर 'वारणा' असं रेखत बसलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, घुगऱ्या कुठायत?" तिला हसू फुटत होतं. मला नव्हतं फुटत.

कारण त्याच्या आदल्या रविवारी मी काय करून बसलो होतो ते घरात फक्त मला माहीत होतं. नातेवाईक मंडळींना त्यातलं थोडं कळलंय, तेही फोनवर आणि माझ्या सोयीने कापूनकुपून. आज सगळं सांगतो. मधे थोडं तांत्रिक येईल. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी ते परिच्छेद खुशाल ओलांडावेत, पण शेवट मात्र वाचावा, कारण तिथे तुमच्याकडे काम आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी चार दिवस मिरजेला मावशीकडे राहून आलो. बरोबर स्कॅनर आणि रेकॉर्डर. मावशीकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे आणि त्या ट्रंकेत आजोळचे सगळे फोटो. बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. फोटोच्या मागे नाव न लिहिणं हा आपला राष्ट्रीय छंद असावा. काढणाऱ्याला वाटतं, यांना कोण ओळखणार नाही! चाळीस वर्षांनी कोणीच ओळखत नाही. मावशी तेव्हा चौऱ्याऐंशीची, पण आठवण लख्ख. सकाळचा चहा झाला की पलंगावर मांडी घालून बसायची आणि विणायच्या सुईचं टोक एकेका चेहऱ्यावर टेकवत सांगायची, हा कोण, ती कोणाची कोण, हिचं पुढे काय झालं. मी रेकॉर्ड करत होतो आणि रात्री स्कॅन केलेल्या फाइलींना तीच नावं देत होतो. चार दिवसांत २१४ फोटो आणि तीन लांबलचक रेकॉर्डिंगं झाली. त्यातलं तिसरं अख्खं एका फोटोवर. १९५८ साली लग्नात काढलेला ग्रुप फोटो, वाड्याच्या चौकात, एकतीस माणसं. मावशी त्यात एकोणीस वर्षांची, डावीकडून चौथी. तिने भराभर तीस नावं सांगितली, पुढे बसलेल्या एका लहान मुलापाशी अडली, म्हणाली "थांब रे जरा", चहा प्यायली, आणि मग तेही आठवलं.

पुण्याला आल्यावर हे सगळं मी टेबलावरच्या डिस्कवर टाकलं. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून तिथलं पुसलं. रेकॉर्डरचं कार्डही मोकळं केलं. (इथे काही वाचकांनी कपाळाला हात लावला असेल. लावा.)

माझ्याकडे एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या दोन सारख्या यूएसबी हार्ड डिस्क होत्या. एक मूळ, दुसरी तिची प्रत. जमेल त्या रविवारी एक छोटी स्क्रिप्ट चालवायची, ती मूळ डिस्कवरचं सगळं प्रतीवर नेऊन ठेवी. त्यासाठी आरसिंक नावाचा भरवशाचा प्रोग्रॅम आहे. त्याला 'डिलीट'चा पर्याय दिला की जे मुळात नाही ते तो प्रतीवरूनही पुसतो, म्हणजे दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या राहतात. घरातला जुना डेस्कटॉप लिनक्सवर चालतो. आतली डिस्क एसडीए, बाहेरची पहिली एसडीबी, दुसरी एसडीसी. स्क्रिप्टमध्ये मी तसंच लिहिलं होतं: एसडीबीवरून घे, एसडीसीवर ठेव. सहा वर्षं बिनतक्रार चाललं.

त्या रविवारी दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली. मशीन आपोआप सुरू झालं. आदल्या दिवशी भाचा येऊन गेला होता आणि त्याचा पेनड्राइव्ह मशीनच्या मागच्या बाजूला तसाच राहिला होता. मी चहाचा कप घेऊन बसलो आणि स्क्रिप्ट चालवली. नेहमी वीसेक मिनिटं लागतात. त्या दिवशी चार मिनिटांत संपली. आणि मला बरं वाटलं! लिहितानाही लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं.

मग 'मूळ' डिस्क उघडली. तिच्यावर भाच्याची गाणी, दोन सिनेमे आणि दहावीच्या भूमितीच्या नोट्स. बाकी काही नाही.

झालं होतं ते साधं. पेनड्राइव्हच्या आत फिरणारं काही नसतं, वीज मिळाली की तो हजर. हार्ड डिस्कच्या आतल्या चकत्यांना वेग घ्यायला काही सेकंद लागतात. त्यामुळे मशीन सुरू होताना पेनड्राइव्ह आधी हात वर करून मोकळा झाला आणि त्याला एसडीबी मिळालं. माझी मूळ डिस्क एसडीसी झाली, प्रत एसडीडी. स्क्रिप्टने बिचारीने सांगितल्याबरहुकूम एसडीबीवरचं घेतलं आणि एसडीसीवर ठेवलं, आणि जे एसडीबीवर नव्हतं ते एसडीसीवरून पुसलं. एका अक्षराचीही चूक केली नाही.

प्रतीला धक्का लागला नव्हता, त्यामुळे जुनं सगळं शाबूत होतं. पण प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. गेलं ते फक्त मिरजेचं.

आता माझं म्हणणं. एसडीबी हे नाव नाहीच मुळी. ते बँकेतलं टोकन आहे. तुम्ही दाराने आत आलात, सतरा नंबर मिळाला. उद्या याल तेव्हा सतरा नंबर दुसऱ्याच्या हातात असेल. टोकनात खोट काहीच नाही, त्या दिवसापुरतं ते चोख काम करतं. पण 'सतरा नंबरवाल्याला माझे पैसे द्यावेत' असं चेकवर लिहून सहा वर्षं निवांत झोपणारा माणूस जगात मी एकटाच असेन. (नसेन, हे आता कळलंय. हापिसात हे सांगितल्यावर दोघेजण घाईने आपापल्या स्क्रिप्ट उघडायला गेले.)

पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची अशी की हा लिनक्सचा फालतूपणा आहे, मशीनला एवढं लक्षात ठेवता येऊ नये? मला हे पटत नाही. पूर्वी लिनक्समध्ये 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात हजारो उपकरणांच्या नोंदी आधीच करून ठेवलेल्या असत, उपकरण घरात असो वा नसो. यूएसबी आल्यावर वस्तू चालू मशीनमध्ये येऊजाऊ लागल्या आणि ती पद्धत निकालात निघाली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी युडेव्ह नावाची व्यवस्था मांडली. तिच्यामागची भूमिका मला फार आवडते. कर्नलने फक्त वर्दी द्यायची की अमुक एक आलंय, त्याचा हा सिरियल नंबर, हा बनवणारा. त्याला काय नावाने हाक मारायची हे कर्नलने ठरवायचं नाही, ते मशीनच्या मालकाने ठरवायचं. २०१२ मध्ये युडेव्ह सिस्टिमडी नावाच्या मोठ्या प्रकल्पात सामील झालं, पण ही वाटणी तशीच राहिली. म्हणजे बारसं करायचा हक्क इतकी वर्षं माझ्याकडे होता. मीच केलं नाही आणि मूल हरवल्यावर पोलिसांना सांगत बसलो की रांगेतला दुसरा.

युडेव्ह आपण काही न सांगताही चार प्रकारच्या ओळखी तयार ठेवतं. पाथ म्हणजे कुठल्या भोकात खुपसली आहे ते. आयडी म्हणजे बनवणाऱ्याचं नाव आणि सिरियल नंबर. यूयूआयडी म्हणजे फॉरमॅट करताना पडणारा लांबलचक आकडा. आणि लेबल म्हणजे आपण दिलेलं नाव. हापिसातला लिनक्सवाला मित्र म्हणतो, "यूयूआयडी टाक आणि झोप." जगभरची वहिवाटही तीच आहे, आणि मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची एवढ्यापुरती ती बरोबरच आहे. पण या आकड्यांचीही दुखणी आहेत. पुन्हा फॉरमॅट केली की यूयूआयडी बदलतो. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवली की तो आकडाही बरोबर जातो आणि एकाच आधार क्रमांकाची दोन माणसं उभी राहतात. सिरियल नंबर फॉरमॅटने बदलत नाही, पण स्वस्तातले पेनड्राइव्ह बनवणारे कधी कधी अख्ख्या घाण्याला एकच नंबर ठोकतात, आणि काही डबे आतल्या डिस्कऐवजी स्वतःचाच नंबर सांगतात. म्हणून आपल्या हातातल्या वस्तूला विचारून बघायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही.

माझं खरं भांडण मात्र वेगळं आहे. यूयूआयडी छत्तीस अक्षरांचा. मशीन तो चुकत नाही, पण मी तो वाचतच नाही. माझ्या स्क्रिप्टमधली ती ओळ मी सहा वर्षांत शंभरदा पाहिली असेल. 'एसडीबीवरून एसडीसीवर' हे दर वेळी बरोबरच दिसायचं, कारण त्यात चुकीचं दिसण्यासारखं काही नव्हतंच. छत्तीस अक्षरांच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर तीही मला दिसणार नाही. जिथे पुसापुशी होणार आहे तिथे मला वाचता येईल असं नाव हवं, आणि ते असं हवं की ती वस्तू हजर नसेल तर काम अडलं पाहिजे. घरात कोयना नसेल तर 'कोयना कुठाय?' असं विचारून स्क्रिप्टने थांबावं. जो कोणी दुसऱ्या नंबरवर उभा असेल त्याला धरून आणू नये.

मग नाव काय ठेवायचं? यावर मी दोन रात्री घालवल्या, आणि मुलीच्या वेळी आम्ही इतका विचार केला नव्हता असं बायकोचं मत आहे. 'मूळ' आणि 'प्रत' ही नावं नव्हेत, कामं आहेत. मूळ डिस्क मेली की प्रत मूळ होते आणि मग कोण कोण याचा घोळ सुरू. 'एक टीबी' म्हणावं तर दोन्ही एक टीबीच्या. 'नवीन' म्हणावं तर आमची नवी पेठ बघा, कधीची नवी आहे!

मला मिरजेची आठवण राहील असं काहीतरी हवं होतं. कृष्णा सुचलं. आणि इथे गंमत झाली. लिनक्सच्या एक्स्ट-फोर पद्धतीच्या डिस्कवर लेबलला सोळा बाइट जागा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे पाचच चिन्हं मावतात. 'कृष्णा'मध्ये क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना अशी सहा होतात, अठरा बाइट. कृष्णामाई काही डिस्कमध्ये मावेना! मग तिला कऱ्हाडला मिळणारी कोयना आणि सांगलीजवळ मिळणारी वारणा. दोन्ही बरोब्बर पाच चिन्हांच्या, पंधरा बाइट. (आजोबा मावतात, पणजोबा मावत नाहीत. बाकी नाती तुम्ही मोजा.) नाव देवनागरीत आहे म्हणून काही अडलं नाही, डेस्कटॉपवर डिस्कच्या चित्राखाली 'कोयना' असं सुरेख उमटतं.

लेबल कोणीही कुठेही चिकटवू शकतो, उद्या भाच्याने पेनड्राइव्हला कोयना म्हटलं तर? म्हणून स्क्रिप्ट लेबलवर विसंबत नाही. युडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात मी एक फाइल टाकली आहे, तिच्यात दोनच ओळी: ब्लॉक उपकरण आलं आणि त्याचा सिरियल नंबर अमुक असला, तर त्याला 'कोयना' नावाचाही एक दुवा द्या. (तिथे मात्र रोमन अक्षरांत लिहिलं, टंकायला सोपं.) मूळ एसडीबी वगैरे तसंच राहतं, शेजारी हे दुसरं नाव लागतं, घरच्या नावासारखं. पहिल्या प्रयत्नात मी पार्टिशनचा आकडा जोडायला विसरलो, तेव्हा अख्खी डिस्क आणि तिच्यातलं पार्टिशन दोघंही त्याच नावावर हक्क सांगायला लागले. आकडा जोडला, नियम पुन्हा वाचायला लावले, डिस्क काढून घातली. आता पेनड्राइव्ह लावून, उलटसुलट क्रमाने, वेगवेगळ्या भोकांत घालून पाहिलं, कोयना ती कोयनाच. शिवाय प्रत्येक डिस्कवर तिच्या नावाची एक रिकामी फाइल आहे. ती दोन्हीकडे दिसल्याशिवाय स्क्रिप्ट पुसायला हात लावत नाही, आणि नक्कल करताना त्या दोन फाइली तेवढ्या वगळते. याचा आणखी एक फायदा असा की डिस्क जोडलेलीच नसली तर तिच्या रिकाम्या फोल्डरला डिस्क समजून घोटाळा होत नाही. आणि पाठीवर नेलपॉलिश, कारण डिस्क उपटणारा हात माझा असतो आणि हाताला युडेव्ह वाचता येत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिकडे ई, एफ, जी ही अक्षरंही अशीच मिळतात, जे मोकळं असेल ते. तिथला उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडा, आपल्या बॅकअपच्या डिस्कवर राइट क्लिक करा, ड्राइव्ह लेटर बदला आणि शेवटाकडचं एखादं अक्षर द्या, पी किंवा एक्स. विंडोज ते त्या डिस्कसाठी लक्षात ठेवतं, आणि मागच्या अक्षरांकडे सहसा कोणी फिरकत नाही. न्यू जर्सीच्या ताईकडे मॅक आहे, तो लेबलावरच चालतो. पण तिच्या दोन पेनड्राइव्हना लेबलच नाही, दोन्ही 'नो नेम', त्यामुळे दुसरा लावला की त्याला मॅक 'नो नेम वन' म्हणतो. ताई, आज रात्री दोघांना नावं दे.

"एवढं कशाला, क्लाउडवर टाक की" असंही तिघांनी सांगितलं. टाकलंय. पण बहुतेक क्लाउड दोन्हीकडे सारखं ठेवतात, म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसतात, कचरापेटीतून ठरावीक दिवसांत परत काढलं नाही तर संपलं. माझ्यासारखा माणूस तिथेही हेच करू शकतो.

आता त्या रविवारचं पुढचं. मी डिस्क लगेच काढली, तिच्यावर आणखी काही लिहिलं जाऊ दिलं नाही, आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तिच्यावर सोडला. तो डिस्क कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाळतो आणि फोटोसारखं, आवाजासारखं जे दिसेल ते उचलून आणतो. दोन रात्री चालला. हजारो फाइली आल्या. प्रतीवर ज्या होत्या त्या मी जुळवून काढून टाकल्या. उरलेल्यांत मिरजेच्या २१४ पैकी १८९ होत्या. रेकॉर्डिंगांपैकी पहिलं पूर्ण मिळालं, दुसरं मधेच तुटतं. तिसरं नाही. ते जिथे होतं तिथे बहुधा आता एखादा सिनेमा आहे.

पण फोटोरेकला फाइलीचं नाव कळत नाही. तो फक्त ऐवज ओळखतो. १८९ फोटो परत आले ते एफ आणि पुढे सातआठ आकडे असे. मी रात्ररात्र बसून दिलेली नावं, म्हणजे मावशीने सांगितलेली माणसं, ती फाइलींच्या नावांतच होती. फोटो काय, ट्रंक मिरजेत आहे, पुन्हा स्कॅन करता येतात. (तेव्हापासून नावं मी फोटोच्या आत, मजकुराच्या कप्प्यात लिहितो, फाइलीचं नाव गेलं तरी ती जात नाहीत. आणि कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने.)

मी तेव्हाच परत मिरजेला जायला हवं होतं. लाज वाटली. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात मावशी न्हाणीघरात पडली, महिनाभर दवाखान्यात होती, आणि घरी आली ती वेगळीच. २०२४ च्या जानेवारीत गेलो तेव्हा तो फोटो तिच्या हातात दिला. सुई घेतली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि मला मामाच्या नावाने हाक मारून म्हणाली, "तू का नाहीस रे ह्यात?" दोन दिवसांत अधूनमधून मिळून सतरा नावं झाली. त्यातल्या तीन ठिकाणी ती सकाळी एक सांगायची आणि संध्याकाळी दुसरं.

तर तो १९५८ चा फोटो सगळ्यांना मेलने पाठवतो आहे. चेहऱ्यांवर एक ते एकतीस आकडे घातले आहेत. चौदा रिकामे आहेत, तीन शंकेचे. मागच्या रांगेतला नऊ नंबर, काळी टोपी, मला वाटतं कोल्हापूरकडचे कोणीतरी. तेवीस आणि चोवीस बहिणी असाव्यात. पुढे बसलेलं लहान मूल म्हणजे तीस नंबर, ज्याच्यापाशी मावशी तेव्हाही अडली होती. तिने नाव सांगितल्यावर मी "हो का!" म्हणालो होतो हे मला स्पष्ट आठवतंय, म्हणजे मी त्या माणसाला ओळखत असणार. नाव आठवत नाही. ज्याला जे माहीत असेल, अर्धवट असलं तरी, ते आकड्यासमोर लिहून पाठवा. आणि मावशीलाच विचारायचं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करा, तेव्हा ती बरी असते.